हाजी तोहामीच्या गाडीचा टप

उस्ता बिशारा दिवसात बादलीतलं पाणी अकरा वेळा बदलायचा. मी मोजलं आहे. इजिप्तमधल्या तांता शहराच्या बाहेर, कालव्याच्या कडेला आमची दोन दुकानं एकाच भिंतीला लागून होती. मी ठोकून गाड्यांचा पत्रा सरळ करायचो, तो रंग द्यायचा. मुरलेला कारागीर म्हणून त्याला सगळे उस्ता म्हणत. अशी एकतीस वर्षं गेली. वॉटर पेपरने घासताना पाण्यात वाळूचा एक कण राहिला तरी रंगावर ओरखडा उठतो. म्हणून एक दार घासून झालं की बादली ओतायची, धुवायची आणि पुन्हा नळावर न्यायची. नळ साठ पावलांवर होता. दुसरे पेंटर दिवसाला दोनदा पाणी बदलत. त्यांच्या गाड्या लांबून बऱ्या दिसत.

आमच्याकडे जुनी गाडी विकायला काढली की पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो. ‘फाब्रिका आहे का?’ हा असतो. म्हणजे कारखान्यातून लागून आला तोच रंग आहे ना, मागून कोणाचा हात तर लागला नाही. हात लागला असेल तर गाडी कुठेतरी आपटलेली, आणि विकणारा ते लपवतोय, असं धरून चालतात. इंजिनाची घरघर लोक चालवून घेतील. उन्हाने उडालेला, डागाळलेला मूळ रंग हौसेने घेतील. पण चांगला दिलेला नवा रंग दिसला की तोंड फिरवतील. आमच्या धंद्याचं हे असं होतं. काम जितकं चांगलं, तितकी लबाडी मोठी.

बिशाराने यावर स्वतःपुरता एक मार्ग काढला होता. तो जो भाग रंगवायचा, त्यावर कडेच्या रबरी पट्टीखाली अंगठ्याएवढी जागा जुन्याच रंगात सोडायचा. तिला तो खिडकी म्हणायचा. रबर उचललं की दिसणार, इथे हात लागलेला आहे. त्याने रंगवलेली गाडी फाब्रिका म्हणून कोणालाच विकता यायची नाही.

दलाल हिंदावी गाड्यांच्या बाजारात सौदे जुळवायचा. तो म्हणायचा, ‘उस्ता, आम्ही झाकायला देतो ते तू उघडं कशाला ठेवतोस?’

‘तुला तोंड दिलंय देवाने,’ बिशारा म्हणायचा, ‘ते झाक.’

या खिडकीमुळे त्याचं गिऱ्हाईक अर्धं झालं. पण त्यामुळेच लोक त्याच्या शब्दाला मानू लागले. शुक्रवारी सकाळी गाडी घेणारा आणि विकणारा दोघंही त्याच्या दारात उभे राहायचे. बिशारा मधल्या बोटाचं पेर वाकवून पत्र्यावर टकटक करायचा, ओला अंगठा फिरवायचा, मग गुडघ्यावर बसून उन्हाकडे तोंड करून तिरपं बघायचा. उठताना एकच शब्द बोलायचा. ‘फाब्रिका’ किंवा ‘लागलाय’. त्यावर कोणी वाद घालत नसे. याबद्दल तो चहाखेरीज काही घ्यायचा नाही, आणि चहाही उभ्याने प्यायचा, कारण आत घासायचं काम थांबलेलं असायचं.

हाजी तोहामी असाच एका शुक्रवारी आला. बाजाराच्या गल्लीत त्याचं तुपाचं दुकान होतं, चाळीस वर्षांचं. लोक त्याच्याकडून डबा आणत आणि वास न घेता फडताळात ठेवत. त्याची चांदीच्या रंगाची गाडी होती, सहा वर्षांपूर्वी एजन्सीतून नवी घेतलेली. आता डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून विकायची होती. घेणारा होता पाणीखात्यातला इंजिनिअर शौकत. सौदा ठरून दोघांनी हात धरून, शब्द पक्का करायला, कुराणातली फातिहासुद्धा म्हटली होती. उरला होता फक्त बिशाराचा शब्द.

‘आतबाहेर फाब्रिका,’ हाजी म्हणाला. ‘टकटक करा नाहीतर करू नका, उस्ता. चहा तेवढा घ्या.’

बिशाराने चारही दारं बघितली. बॉनेट बघितलं, डिकी बघितली. टपावर आला आणि थांबला. पुन्हा टकटक केली. अंगठा फिरवला. स्टूल आणून त्यावर चढला आणि बराच वेळ तिरपा बघत राहिला.

‘टप लागलाय.’

हाजी हसला. ‘माझ्या टपाला पावसाशिवाय कोणी हात लावलेला नाही.’

‘थर दोन आहेत, हाजी.’

‘मी शपथ घेऊन सांगतो—’

‘शपथ घेऊ नका. थर दोन आहेत.’

इंजिनिअरने गाडीकडे बघितलंच नाही, हाजीच्या तोंडाकडे बघितलं, आणि सलाम करून निघून गेला. हिंदावी तिथेच उभा होता. दुपारच्या नमाजाच्या आत बाजारभर झालं की फातिहा म्हणूनही हाजीने खोटं सांगितलं.

टप लागलेला असणं सगळ्यांत वाईट. दार रिक्षा घासून गेली तरी रंगवावं लागतं. टप रंगवलेला म्हणजे गाडी उलटलेली, असाच हिशेब आमच्याकडे आहे.

पुढचे दोन महिने हाजीच्या दुकानात काय चाललं होतं ते मला माझ्या बायकोकडून कळायचं. लोक झाकण उघडून वास घ्यायला लागले. तूप हाताच्या पाठीवर चोळून बघायला लागले. तिच्यासमोर एक म्हातारी गिऱ्हाईक हसत हसत म्हणाली, ‘हाजी, टप झाकणारा डब्यात काय झाकेल, सांगता येतं का?’ हाजीने तिचा डबा परत घेतला, फडक्याने पुसला आणि आत नेऊन ठेवला. तुपाच्या धंद्यात विश्वास गेला की मागे नुसती चरबी उरते. दुकान चालू होतं, पण हाजी गल्ल्यामागे न बसता दाराकडे पाठ करून बसायचा.

मी बिशाराला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘मी थर सांगितले. तूप नाही सांगितलं.’ तेव्हा मला त्याचा राग आला होता. हेही लिहिलं पाहिजे.

ऑगस्टात ऊन असं पडलं की पत्र्यावर हात ठेववत नव्हता. मी पावाच्या रांगेत उभा होतो, तेव्हा हाजीची गाडी समोरून गेली. टपाच्या पुढच्या कडेला, काचेच्या अगदी वर, रंगाची तळहाताएवढी साल सुटून वाऱ्यावर फडफडत होती.

दुकानात आलो तेव्हा बिशारा जेवायला बसला होता. तो कॉप्ट ख्रिस्ती, मरियमच्या उपासाचे दिवस होते, मांस-दूध बंद, त्यामुळे तेलातले वाल, कांदा आणि भाकरी.

‘हाजीच्या टपाची साल निघतेय,’ मी म्हणालो.

‘निघणारच. कोणा आळशाने दिलाय.’

‘कांद्यासारखी निघतेय.’

‘खाली काय आहे? पुट्टी? प्रायमर?’

‘खालीही चांदीच.’

‘घासून मळकी झालेली?’

‘नाही. चकचकीत. तोंड दिसेल अशी.’

त्याने भाकरी खाली ठेवली. ‘नीट बघितलंस?’

‘माझे डोळे हाजीचे नाहीत.’

त्याने बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाला, ‘अतिया, आपल्या या रस्त्यावरचा सगळ्यांत वाईट पेंटर कोण?’

मी नाव घेतलं. ते इथे लिहीत नाही, त्याची मुलं अजून धंद्यात आहेत.

‘तो तरी चकचकीत रंगावर न घासता दुसरा रंग मारेल?’

‘नाही मारणार. आज ना उद्या साल निघेल आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहील.’

‘बरोबर. ज्याच्या दारात गिऱ्हाईक येतं तो थोडं तरी घासतो. मग अजिबात न घासणारा कोण? ज्याला गिऱ्हाइकाचं तोंड कधी बघावं लागत नाही तो.’

तो उठला, हात धुतले आणि अर्धी भाकरी तशीच टाकून निघाला. दिवसाचं काम टाकून तो कुठे गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मी त्याच्यामागून गेलो.

हाजी दुकानात एकटाच होता. आम्हाला बघून उठला नाही.

‘या, उस्ता. डब्यांवर टकटक करायला आलात? करा. प्रत्येकात दोन थर निघतील.’

‘हाजी, मला तुमच्या गाडीची पुढची काच काढायची आहे.’

‘काच काढा. मग दारं काढा. मग माझा सदरा काढा, तेवढाच राहिलाय.’

‘मी चुकलो असेन.’

‘असेन?’

‘काच निघाल्याशिवाय नक्की सांगत नाही.’

‘मला खोटा ठरवायला तुम्हाला दोन टिचक्या पुरल्या. चुकलो म्हणायला काच काढावी लागते होय?’

‘काच तेव्हाच काढायला हवी होती,’ बिशारा म्हणाला. ‘तो आळस माझा.’

हाजी त्याच्याकडे बघत राहिला. रागाने की कसा, ते मला कळलं नाही. मग म्हणाला, ‘ठीक. पण चारचौघांत. शुक्रवारी, नमाजानंतर. हिंदावीला मी सांगतो. इंजिनिअरला तुम्ही आणायचं.’

‘हाजी,’ मी म्हणालो, ‘काचेखाली एकच थर निघाला तर?’

‘तर मी खोटा. तेही चारचौघांतच ठरू दे. इथे पाठ करून बसून माझी मान दुखायला लागलीय.’

शुक्रवारी तीसेक माणसं जमली. हिंदावी खुर्ची घेऊन आला होता. शौकत लांब उभा होता, हात मागे बांधून.

काचेचं गणित साधं आहे. कारखान्यात आधी नुसत्या सांगाड्याला रंग लागतो. तो भट्टीत भाजतात. मग पुढची काच चिकटवतात. काळा, रबरासारखा डिंक असतो. काच एकदा काढून पुन्हा बसवली की जुन्या डिंकावर नवा डिंक बसतो आणि मधली रेघ कधी लपत नाही. तेव्हा डिंक एकच असेल आणि त्याच्या खाली रंगाचे दोन थर असतील, तर दुसरा थर काच बसायच्या आधीचा. म्हणजे कारखान्यातलाच.

मी हे मोठ्याने सांगितलं. हिंदावी म्हणाला, ‘आणि काच फुटली तर ती फाब्रिका राहील का रे?’ लोक हसले. मी हसलो नाही, कारण काच मला काढायची होती.

डिंकातून पोलादी तार ओवली. एक टोक आत माझ्या हातात, एक बाहेर बिशाराच्या. करवतीसारखं ओढायचं, एकाने ओढलं की दुसऱ्याने सोडायचं. घाई केली तर तार तापते आणि तुटते. जोर तिरपा पडला तर काच तडकते. दीड तास लागला. आत बसून माझा घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बाहेर काय बोलतात ते ऐकू येत होतं. कोणी म्हणत होतं, म्हातारे आज संध्याकाळपर्यंत दोरीच ओढणार. बिशाराची ओढ शेवटपर्यंत पहिल्या ओढीसारखीच होती, ना कमी ना जास्त. त्याचं तेव्हा वय त्रेसष्ट होतं आणि उपास चालू होता.

काच आम्ही घोंगडीवर ठेवली. फुटली नाही. मी कापलेला डिंक बोटांनी दाबून बघितला, मग शौकतला बघायला दिला. एकच डिंक, यंत्राने सोडलेला, सगळीकडे सारखा.

आता बिशाराचं काम. त्याने पात्याने डिंकाची वीतभर पट्टी खरवडून काढली. मग वॉटर पेपर भिजवून तिथे घासायला बसला. लाकडाच्या ठोकळ्याला कागद गुंडाळून, छोट्या गोलात, मधे खोल आणि कडेला हलकं. थोड्या वेळाने थांबला आणि बादली उचलून नळाकडे निघाला.

‘आता कुठे?’ हिंदावी म्हणाला.

‘पाणी बदलायला.’

‘उस्ता, आज एक दिवस घाणेरड्या पाण्यात घास. माझं जेवण राहिलंय.’

बिशारा साठ पावलं गेला आणि साठ पावलं परत आला. असं तीनदा. हाजी उलट्या डब्यावर बसला होता आणि त्याच्या हातातली माळ थांबली होती.

चौथ्या पाण्यानंतर बिशाराने फडक्याने जागा कोरडी केली आणि बाजूला सरकला.

‘इंजिनिअरसाहेब, तुम्ही मोजा.’

शौकतने चष्मा लावला. मधोमध पत्रा दिसत होता, नाण्याएवढा. त्याच्याभोवती एकामागून एक कडी, झाड कापल्यावर बुंध्यात दिसतात तशी. तो बोट न लावता मोजत गेला. ‘काळपट. राखाडी. चांदी. लॅकर.’ थांबला. वाकून पुन्हा बघितलं. ‘पुन्हा चांदी. पुन्हा लॅकर.’

‘आणि ही कडी डिंकाच्या खाली जातात की डिंकाशी थांबतात?’

‘खाली जातात.’

बिशारा उभा राहिला. गुडघे ओले झाले होते. ‘टप दोनदा रंगवलाय,’ तो म्हणाला. ‘काच बसायच्या आधी. पहिल्या रंगात काही खोट निघाली असेल, म्हणून त्यांनी वरून दुसरा मारला आणि मधे घासलं नाही. दोन्ही थर कारखान्याचे. हाजी तोहामीने सांगितलं ते खरं होतं. मी सांगितलं ते चूक.’

मग हाजी डब्यावर बसल्याबसल्याच म्हणाला, ‘मोठ्याने म्हणा. मागच्यांना ऐकू गेलं नाही.’

बिशाराने पुन्हा म्हटलं, शब्दाला शब्द, मोठ्याने. कालव्यापलीकडच्या दुकानातली माणसंही बाहेर आली.

हिंदावीने डोकं खाजवलं. ‘मग याला म्हणायचं काय? फाब्रिका की लागलाय?’

‘फाब्रिका,’ बिशारा म्हणाला. ‘वाईट फाब्रिका.’

तेव्हा लोक हसले. हाजी शेवटी हसला. शौकत त्याच्याजवळ गेला, माफी म्हणून डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, ‘हाजी, मी गाडी घ्यायला तयार आहे.’

‘मी द्यायला नाही,’ हाजी म्हणाला. ‘तूप पाहिजे असेल तर दुकानात या. झाकण उघडायचं नाही.’

एजन्सीचा एक माणूसही पुढच्या आठवड्यात येऊन गेला, टाय लावून. त्याने कडी बघितली आणि उन्हामुळे असं होतं म्हणाला. बिशाराने विचारलं, ‘ऊन दुसरा थर पण देतं का?’ त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. पुढे त्याचं काही झालं नाही.

राहिला टप. हाजी म्हणाला, ‘साल तशीच फडफडू दे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल.’

‘मला दिसेल,’ बिशारा म्हणाला. ‘मला ते चालणार नाही.’

दोन दिवस या दोघांचं यावरून भांडण चाललं. हाजीचं म्हणणं, रंगवला की पुरावा गेला, दहा वर्षांनी पुन्हा कोणी टकटक करील आणि पुन्हा मी खोटा. शेवटी बिशाराने तोड काढली. त्याने सुटलेला थर सगळ्या टपावरून उतरवला. चार दिवस घासत होता. मशीन होतं, पण वापरलं नाही, कारण मशीन कडेला जास्त खातं. मग रंग दिला, काच परत बसवली. आणि काचेच्या वर, मधोमध, तळहाताएवढी जागा सोडली, तिथेही तशीच सगळी कडी उघडी करून, वरून नुसता पारदर्शक लॅकर मारून, म्हणजे गंज धरणार नाही. ही खिडकी रबराखाली नव्हती, समोर होती. एवढ्या वर्षांत त्याने उघड्यावर सोडलेली ती एकच.

हाजीची गाडी दुकानासमोर उभी असायची. तूप घ्यायला आलेले लोक वाकून कडी मोजायचे आणि मग आत जायचे. ती म्हातारी परत आली का, असं मी बायकोला विचारलं. आली म्हणाली. डबा न उघडता घेऊन गेली.

त्यानंतर बिशाराचा तो एक शब्द बंद झाला. शुक्रवारी कोणी गाडी आणली की तो म्हणायचा, ‘दारावर थर एक. टपावर दोन. दुसरा कोणी दिला ते काच काढल्याशिवाय मला सांगता येणार नाही.’ लोक वैतागायचे. त्यांना एक शब्द हवा असायचा. पुढे बाजारात जाडी मोजायचं यंत्र घेऊन बसणारा आला, तो नुसता आकडा सांगायचा, आणि लोक तिकडे जाऊ लागले. बिशाराला त्याचं काही वाटलेलं मला दिसलं नाही. त्याच्याकडे घासायला गाड्या होत्या.

त्याला जाऊन आता चार वर्षं झाली. शेवटपर्यंत हाजी दरवर्षी त्याला म्हशीच्या तुपाचा एक डबा पाठवायचा, आणि दरवर्षी तो ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासातच यायचा. त्या उपासात त्यांना तूप चालत नाही, दूध नाही, अंडंही नाही.

‘या माणसाकडे पंचांग नाही का?’ बिशारा म्हणायचा.

‘विसरतो,’ मी म्हणायचो.

‘विसरत नाही. तो दोन महिने बसला, तसं मलाही बसवून ठेवतो.’

डबा फळीवर जायचा, रंगाच्या डब्यांच्या वर, आणि पंचावन्न दिवस तिथेच असायचा. एवढ्या दिवसांत त्याने एकदाही झाकण उघडून वास घेतला नाही. एका वर्षी तो पाणी आणायला नळावर गेला असताना मी घेतला. तूप चांगलं होतं.